इंजिन नवं, मग बझर का वाजतो?

पावसाळी मासेमारी बंदी संपत आली की कोकण किनाऱ्यावरच्या बंदरांत दरवर्षीची धांदल सुरू होते. जून-जुलैत शाकारून ठेवलेल्या नौकांवरचे झाप निघतात, तळाला रंग लागतो, जाळी सांधून होतात. ज्यांनी या दोन महिन्यांच्या सवडीत इंजिन बदलून घेतलं आहे, ते धक्क्याला बांधलेल्या नौकेवरच पहिली चाचणी घेतात. चावी फिरते, इंजिन एका झटक्यात सुरू होतं, धूर स्वच्छ, आवाज एकसारखा. आणि त्या आवाजाच्या वरताण पॅनेलमधला बझर जो किंचाळू लागतो, तो काही केल्या थांबत नाही.

मग तीन मतं पडतात. नाखवा म्हणतो, "इंजिनातच खोट आहे, विकणाऱ्याला बोलवा." फिटर म्हणतो, "नवीन आहे नाखवा, जरा चालू दे, आपोआप बंद होईल." तिसरा, बहुधा खलाशांतला एखादा तरुण, काही न बोलता पॅनेलचं झाकण उघडून बझरची वायर उपटतो. आवाज थांबतो आणि सगळ्यांना बरं वाटतं. तिघांतलं हे तिसरं काम सर्वांत वाईट. पण फिटरचा सल्लाही कमी महागात पडत नाही. नाखव्याचं म्हणणं कधीकधी खरं निघतं. मात्र पुष्कळदा दोष इंजिनाच्या पोटात नसतो. जुनं पॅनेल, जुन्या वायरी, जुनी पाइपलाइन आणि जुना पंखा यांच्याशी नव्या इंजिनाचा जिथे जिथे सांधा जुळवलेला असतो, तिथे तो सापडतो.

बझरला नेमकं काय कळतं?

इंजिनातलं त्याला काहीच कळत नाही. तेल, पाणी, उष्णता यांच्याशी त्याचा थेट संबंध नाही. आपल्यातून वीज वाहते की नाही, एवढंच त्याला ठाऊक.

ही वीज कशी वाहते ते पाहू. बॅटरीच्या धन टोकाकडून निघून ती चावीतून बझरपर्यंत येते. बझरच्या दुसऱ्या टोकाला एक बारीक वायर असते. ती इंजिनखोलीत उतरते आणि इंजिनाच्या अंगात आट्यांनी बसवलेल्या अंगठ्याएवढ्या पितळी स्विचवर संपते. साध्या स्विचला दुसरी वायर नसतेच. त्याचे आटे इंजिनाच्या लोखंडाला टेकलेले असतात आणि ते लोखंड जाड केबलने बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेलं असतं. यालाच मिस्त्री लोक अर्थ म्हणतात. स्विच आतून जोडला गेला की विजेचा रस्ता पूर्ण होतो आणि बझर वाजतो.

यातून एक गोष्ट उघड होते. पॅनेलपासून स्विचपर्यंतच्या वाटेत ही वायर कुठेही लोखंडाला टेकली, तरीही बझर तितक्याच जोरात वाजणार. स्विच जोडला गेला, की नवं इंजिन खाली बसवताना वायर पायाखाली चेंगरून सोलली गेली, हे बझरला सांगता येत नाही.

स्विच दोन स्वभावांचे असतात. तेलाच्या दाबाचा स्विच समजायला घरातला फ्रिज पुरेसा आहे. फ्रिजचं दार बंद असतं तेव्हा चौकटीतलं बटण दाबलेलं राहतं आणि आतल्या दिव्याची वीज तुटते. दार उघडलं की बटण सुटतं आणि दिवा लागतो. तेलाचा स्विच असाच उलटा चालतो. दाब नसतो तेव्हा तो जोडलेला असतो. इंजिन फिरू लागलं, पंपाने तेल ढकललं, की आतला पडदा उचलला जातो आणि स्विच तुटतो. त्यासाठी फार दाब लागत नाही. बऱ्याच स्विचना साधारण ०.३ ते ०.५ बार पुरतो. आपल्याकडचे मिस्त्री बारऐवजी 'किलो' म्हणतात. व्यवहारात दोन्ही जवळपास सारखेच.

तापमानाचा स्विच सरळ स्वभावाचा. थंड असताना तो तुटलेला असतो आणि ठरावीक उष्णतेला जोडला जातो. गोड्या पाण्याचं बंद चक्र असलेल्या इंजिनात हा आकडा बहुधा ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो.

म्हणून चावी फिरवल्यावर, पण इंजिन सुरू होण्याआधी, बझर वाजलाच पाहिजे. तेव्हा दाब शून्य असतो आणि स्विच जोडलेला असतो. या वेळी बझर वाजणं म्हणजे तेलाच्या इशाऱ्याची यंत्रणा शाबूत असल्याची खूण. नवं इंजिन बसवल्यावर चावी देऊनही बझर गप्प राहिला तर ते खरं काळजीचं. एखादी वायर जोडायची राहिली असेल, किंवा जोडली असेल पण चुकीच्या जागी. वाजणाऱ्या बझरकडे सगळ्यांचं लक्ष जातं. गप्प बझर मात्र इंजिन जळेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही.

आधी खबर खरी की खोटी ते ठरवा

इंजिन सुरू झाल्यावर तेलाचा बझर पाच-दहा सेकंदांत थांबला नाही, तर इंजिन बंद करायचं. 'जरा चालू दे' याला इथे जागा नाही. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यात तेलाचा एक पातळ थर असतो आणि तो दाबावर टिकतो. तो नसेल तर धातू धातूला घासतो. मग बेअरिंग खराब व्हायला तासभर लागत नाही, काही मिनिटांत नव्या इंजिनाचं भंगार होऊ शकतं.

पण नव्या इंजिनाला तेलाचा दाब कमी का असावा? कारणं अगदी साधी असतात. अनेक इंजिनं कारखान्यातून तेल न भरताच येतात. बंदरावर ज्याने त्याने 'दुसऱ्याने भरलं असेल' असं धरलेलं असतं. कधी फिल्टर कोरडा बसवलेला असतो, मग पहिल्यांदा सुरू करताना तो भरेपर्यंत बझर नेहमीपेक्षा थोडा जास्त वाजतो. जास्त म्हणजे काही सेकंद, मिनिटं नव्हे.

एक कारण मात्र खास बोटीचं आहे आणि जमिनीवरच्या इंजिनांवर हात बसलेल्या मिस्त्रीच्या ते लक्षात येत नाही. ट्रकमध्ये इंजिन जवळपास सपाट बसतं. बोटीत शाफ्ट मागे खाली उतरतो, म्हणून इंजिनही मागच्या बाजूला कललेलं असतं. मग तेल ऑइल पॅनच्या मागच्या टोकाला साचतं. डिपस्टिक पुढच्या बाजूला असेल तर ती तेल कमी दाखवते. पाहणारा आणखी ओततो, काठी 'फुल'च्या रेघेपर्यंत भिजेपर्यंत ओततो. आता तेल प्रत्यक्षात इतकं जास्त झालेलं असतं, की फिरता क्रँक त्यात बुडतो आणि तेल घुसळून फेस करतो. फेसात हवा असते, हवा पंपात दबते, आणि दाब पडतो. तेल कमी म्हणून बझर वाजतोय असं समजून माणूस पुन्हा डबा उघडतो!

यावर उपाय एकच. सगळं तेल काढायचं, माहितीपुस्तिकेत दिलेले लिटर मोजून भरायचे, इंजिन जिथे बसवलं आहे त्याच कलात काठी बुडवायची आणि तेल जिथवर आलं तिथे कानशीने नवी रेघ मारायची. किती अंशांच्या कलापर्यंत हे इंजिन बसवायला परवानगी आहे, तेही त्याच पुस्तिकेत असतं; पाया घालण्याआधी ते वाचायचं.

तेल बरोबर आहे, तरी बझर वाजतो, तेव्हा स्वतंत्र साक्षीदार लागतो. स्विच काढून त्याच भोकात आट्यांवर बसणारा, वायर नसलेला, काटा असलेला साधा प्रेशर गेज बसवायचा. तो बॅटरीवर चालत नाही, त्याला अर्थ लागत नाही, जुन्या पॅनेलशी त्याचं देणंघेणं नाही. इंजिन गरम असताना सावकाश चालीला एखाद बार आणि कामाच्या चालीला तीन-चार बारच्या आसपास दाब मिळाला, तर बहुतेक डिझेल इंजिनांसाठी ते ठीक. नेमके आकडे कंपनीचे पाहावेत. दाब भरपूर आहे आणि बझर तरी वाजतो, म्हणजे खबर खोटी. आता निर्धास्तपणे वायरीकडे वळता येतं. तापमानाच्या बझरसाठी हेच काम लांबून उष्णता मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर करतो. थर्मोस्टॅटच्या घरावर त्याचा रोख धरला की पॅनेल काय म्हणतं ते विचारायची गरज उरत नाही.

मी हा क्रम मुद्दाम आग्रहाने सांगतो आहे, कारण प्रत्यक्षात तो नेहमी उलटा होतो. आधी नवा स्विच येतो, मग नवा बझर, मग नवं पॅनेल. दाब मोजायचं सर्वांत शेवटी सुचतं. हा प्रेशर गेज दोन बंदरांतल्या सगळ्या नौकांना मिळून एक असला तरी भागतं.

एक वायर काढायची, एक टेकवायची

खोट्या खबरीचा माग काढायला फार हत्यारं लागत नाहीत. इंजिन बंद ठेवून चावी फक्त 'ऑन'वर ठेवायची. पॅनेलवर दिवे वेगवेगळे असतील तर कोणता लागला आहे ते आधी पाहायचं, कारण पुष्कळ पॅनेलांत तेल, तापमान आणि चार्जिंग या तिघांना मिळून एकच बझर असतो. मग त्या स्विचवरची वायर उपसून हवेत मोकळी धरायची.

आवाज थांबला, तर पॅनेलपासून इथपर्यंतची वायर निर्दोष. स्विच जोडलेला आहे आणि तो खरं बोलतो की खोटं, हे गेजने आधीच कळलेलं आहे. आवाज थांबला नाही, तर स्विचची यात काहीच चूक नाही. वायर वाटेत कुठेतरी लोखंडाला टेकली आहे किंवा घोळ पॅनेलच्या मागे आहे. आता तेच मोकळं टोक इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवायचं. बझर वाजायला हवा. नाही वाजला तर वायर मध्येच तुटलेली आहे, नाहीतर इंजिनाचा अर्थच बरोबर नाही. दोन कृतींत अर्धी बोट तपासून होते.

ही टेकवण्याची चाचणी फक्त साध्या, एका वायरीच्या स्विचवर करायची. संगणक बसवलेल्या इंजिनाच्या सेन्सरची वायर अशी लोखंडाला टेकवू नये. ते सेन्सर बहुधा ५ व्होल्टवर चालतात आणि नको तिथे शॉर्ट झाल्यास महागडा कंट्रोल बॉक्स बिघडू शकतो.

वायर वाटेत कुठे टेकली असेल? जुनं इंजिन उचलताना जिथे साखळी लागली ती जागा, फळीतून वायर जिथे आरपार जाते ते भोक, आणि इंजिनाच्या पायाखालची फट, ही पहिली ठिकाणं. बोटीतल्या वायरीचं आणखी एक दुखणं असतं. टोकावरची दोन इंच सोललेली तांब्याची तार पाहा. ती लालसर चकचकीत नसून काळपट असेल, मधूनमधून हिरवी पूड धरलेली असेल, तर खारी हवा आवरणाच्या आतून वर चढली आहे. अशा तारेवर नवं टर्मिनल कितीही घट्ट दाबलं तरी जोड पक्का बसत नाही. लाल तांबं दिसेपर्यंत मागे कापत जायचं. ते दिसलंच नाही तर नवी वायर ओढायची. कल्हई केलेल्या तारांची बोटीसाठीची वायर मिळते, घरगुती वायरीपेक्षा ती महाग असली तरी इथे काटकसर करू नये.

दिसायला जुळे, कामाने निराळे

नव्या इंजिनासोबतचे स्विच जुन्या पॅनेलला जुळत नाहीत, म्हणून काही जण जुने काढून नव्यात लावतात. काही जण नव्या स्विचला जुन्या वायरी अंदाजाने जोडतात. दोन्हींत एकच फसगत होते. इंजिनावर दोन जातींचे पितळी भाग असतात. एक इशाऱ्याचा स्विच, जो फक्त जोडतो किंवा तोडतो. दुसरा सेंडर, जो गेजच्या काट्याला कमी-जास्त वीज पोचवतो. दुकानात दोन्ही 'सेन्सर' म्हणूनच हातात पडतात.

सेंडरच्या आत बदलता विद्युत अवरोध असतो आणि तो ओहममध्ये मोजतात. तेलाच्या दाबाच्या युरोपीय पद्धतीच्या सेंडरमध्ये शून्य दाबाला साधारण १० ओहम असतात आणि दाब वाढेल तसे ते १८०पर्यंत चढतात. अमेरिकी पद्धतीत उलट, शून्याला २४० आणि पूर्ण दाबाला ३३. इंजिन एका पद्धतीचं आणि गेज दुसऱ्या पद्धतीचा असेल तर काटा उलटा चालतो. इंजिन बंद असताना भरपूर दाब दाखवतो, सुरू केलं की खाली येतो. नाखव्याच्या छातीत धस्स होतं, प्रत्यक्षात इंजिन ठणठणीत असतं.

आता बझरची वायर चुकून युरोपीय पद्धतीच्या सेंडरवर गेली तर काय होईल? दाब नसताना १० ओहम, म्हणजे जवळपास थेट अर्थ. बझर वाजणार, यात नवल नाही. इंजिन सुरू झालं, दाब चांगला चार बारवर गेला, अवरोधही वाढला. पण आजकालच्या बझरला इतकी थोडी वीज लागते, की शेकडाभर ओहममधूनही त्याचं काम भागतं. म्हणून दाब कितीही चढला तरी तो गप्प बसत नाही. जुन्या पद्धतीचा दोन-तीन वॅटचा बल्ब असता तर तो मंदावला असता. म्हणजे इंजिन सुरू झाल्यावर पॅनेलवरचा दिवा मिणमिणता झाला आणि बझर मात्र तसाच कोकलतो आहे, असं दिसलं की वायर सेंडरवर गेल्याचा संशय घ्यावा. उलट गेजची वायर स्विचवर गेली, तर काटा मधे कुठेच थांबत नाही. या टोकाला नाहीतर त्या टोकाला चिकटतो.

काही सेंडरमध्ये दोन्ही कामं एकत्र असतात आणि डोक्यावर दोन टर्मिनल असतात. जर्मन पद्धतीच्या भागांवर त्यांपैकी एकावर 'जी' आणि दुसऱ्यावर 'डब्ल्यूके' ही इंग्रजी अक्षरं कोरलेली सापडतील. 'जी' गेजचं, 'डब्ल्यूके' इशाऱ्याचं. अक्षरं फार बारीक असतात. त्यांवर कारखान्याचा रंग बसलेला असेल तर नखाने खरवडून पाहावं.

तापमानाच्या स्विचमध्ये आणखी एक खोच आहे. जुनं इंजिन खाऱ्या पाण्यानेच थेट थंड होणारं असेल, तर ते मुद्दाम ५५-६० अंशांच्या आसपास चालवलेलं असतं. त्याहून जास्त तापलं तर पाण्यातले क्षार आतल्या वाटांत साचू लागतात. त्याचा इशाराही अर्थातच खालच्या आकड्यावर लावलेला असतो. नवं इंजिन गोड्या पाण्याच्या चक्राचं असेल तर ते ८०-८५ अंशांवर मजेत चालतं. जुना स्विच त्यात लावला, की इंजिन नीट तापल्याबरोबर बझर वाजणार. स्विच आपल्या परीने खरंच सांगतो आहे, फक्त तो दुसऱ्या इंजिनाचा आहे.

शेवटी आट्यांवरची पांढरी टेप. नळाला गुंडाळतात तशी टेफ्लॉन टेप स्विचच्या आट्यांना भरपूर गुंडाळायची सवय अनेकांना असते. स्विचचा अर्थ याच आट्यांतून जातो आणि टेप वीज अडवते. तेल गळू नये म्हणून केलेली ही काळजी स्विचला मुका करू शकते. नव्या इंजिनावरच्या रंगाचंही तसंच. अर्थची जाड केबल रंगावरच बोल्टने आवळली, तर ती कधी धरते, कधी सोडते. बोल्टखालचा रंग घासून चकचकीत लोखंड उघडं करावं. रात्री दिवे लावले की सगळ्या गेजचे काटे एकदम हलतात, अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा हा बोल्ट पाहावा.

[चौकट]
बझर कधी वाजतो?

चावी दिल्यावर वाजतो, इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत थांबतो: सर्व ठीक.

चावी दिल्यावरही गप्प: वायर सुटलेली, बझर बंद किंवा चुकीचा स्विच. हे शोधल्याशिवाय नौका सोडू नये.

इंजिन सुरू झाल्यावरही चालूच: इंजिन बंद. आधी तेल, मग वायर नसलेल्या गेजने दाब, मग वायरिंग.

सावकाश चालीला वाजतो, रेस दिल्यावर थांबतो: चार्जिंगचा दिवा लागतो की तेलाचा ते पाहावं. तेलाचा असेल तर दाब मोजावा.

दहा-पंधरा मिनिटांनी किंवा जाळं ओढताना वाजतो: उष्णता. बहुधा खबर खरी असते.
[चौकट समाप्त]

रेस दिल्यावर थांबणारा बझर

चार्जिंगच्या इशाऱ्याचं गणित वेगळं आहे. अल्टरनेटरला वीज तयार करण्याआधी थोडी वीज उसनी लागते. चावी दिली की इशाऱ्याच्या दिव्यातून ती त्याच्या 'डी प्लस' टर्मिनलला मिळते, आतली गुंडाळी चुंबक बनते आणि इंजिन फिरल्यावर वीज सुरू होते. मग दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब येतो आणि दिवा विझतो.

जुन्या पॅनेलमधला बल्ब उडालेला असेल, किंवा कोणी हौसेने त्या जागी एलईडी बसवली असेल, तर ही उसनी वीज पुरेशी पोचत नाही. अल्टरनेटर सावकाश चालीला जागा होत नाही. एकदा रेस दिली की स्वतःच्या उरल्यासुरल्या चुंबकत्वावर जागा होतो आणि बझर थांबतो. योग्य वॅटचा बल्ब लावला की हा विकार बरा होतो. पॅनेल १२ व्होल्टचं आणि नवं इंजिन २४ व्होल्टचं, हा घोटाळाही इथेच उघडकीला येतो, अर्थात तोवर पॅनेलमधलं काहीतरी जळालेलं असतं.

बंदरात गप्प, समुद्रात बोंब

आता खऱ्या खबरीकडे येऊ. धक्क्यावर तासभर इंजिन चालवलं, सगळं शांत. पहिल्या फेरीला जाळं पाण्यात गेलं, आणि पंधरा मिनिटांत तापमानाचा बझर. इथे वायरी तपासत बसू नये. चाल कमी करावी, भार उतरवावा आणि कारण शोधावं. गरम इंजिनाच्या कूलंटचं झाकण उघडू नये. दाबाखालचं पाणी अंगावर उडतं.

पाण्याच्या बाजूची कारणं लवकर सापडतात. समुद्राच्या पाण्याची झडप अर्धवटच उघडलेली, गाळणीत शेवाळ किंवा प्लॅस्टिकची पिशवी, रबरी इंपेलरची पाती तुटलेली. कोरडा फिरला तर इंपेलर काही मिनिटांतच जळतो. जुना पाण्याचा पाइप आतून सुटून ओढीबरोबर चपटा होतो, हेही पाहण्यात येतं. इंजिन मोठं घेतलं आणि पाण्याची लाइन जुन्याच व्यासाची ठेवली, तर सगळं धडधाकट असूनही पाणी कमी पडतं.

नव्या इंजिनात कूलंट भरताना वरच्या कोपऱ्यात हवा अडकते. ही हवा दुहेरी फसवते. जिथे हवा आहे तिथे पाणी फिरत नाही आणि हेड तापतं. सेन्सर नेमका त्या हवेच्या पोकळीत असेल तर तो कमी तापमान दाखवतो, कारण तो पाण्यात बुडालेला नसतो. म्हणून हवा काढायचे स्क्रू उघडून, त्यांतून सलग पाणी येईपर्यंत भरायचं. इंजिन एकदा गरम करून, थंड होऊ देऊन पुन्हा पातळी पाहायची.

पण इंजिन बदलल्यावरच्या उष्णतेच्या ज्या कारणाकडे सर्वांत कमी लक्ष जातं, ते पाण्याखाली असतं. तो म्हणजे पंखा. जुना पंखा जुन्या इंजिनाच्या ताकदीला आणि जुन्या गिअरच्या गुणोत्तराला बेतलेला असतो. पंख्याला लागणारी ताकद त्याच्या फेऱ्यांच्या साधारण घनाने वाढते. फेरे १० टक्के वाढले तर ताकद सुमारे ३३ टक्के जास्त लागते. जुना गिअर ३ ला १ असेल आणि नवा २.५ ला १ आला, तर इंजिन तेवढ्याच चालीला असताना पंखा २० टक्के जास्त फिरतो आणि मागतो सुमारे ७३ टक्के जास्त ताकद. गिअरच्या पाटीवरचा एक छोटासा आकडा एवढा फरक करतो.

इंजिन मग ओझ्याखाली दबून चालतं. काळा धूर येतो, एक्झॉस्ट तापतो, पाणी तापतं, आणि बझर अगदी इमानाने वाजतो. ओळखायची रीत सोपी आहे. खोल पाण्यात नेहमीचा भार घेऊन पूर्ण थ्रॉटल द्यायचा आणि आरपीएम पाहायचे. इंजिनाच्या पाटीवर २००० लिहिले असतील आणि ते १७५० वरच अडकत असेल, तर पंखा या इंजिनाला जड आहे. त्याचा पीच कमी करून घ्यायचा किंवा दुसरा पंखा बसवायचा. ट्रॉलरवर ही चाचणी मोकळ्या नौकेवर घेऊन समाधान मानू नये, कारण जाळं ओढताना नौका सावकाश जाते आणि पंख्यावरचा ताण मोकळ्या चालीपेक्षा जास्त असतो. गिअर न टाकता धक्क्याला बांधून घेतलेल्या चाचणीत तर यातलं काहीच दिसत नाही.

नव्या पिढीच्या इंजिनांत हे पुष्कळसं काम संगणक करतो आणि दोषाचा कोड पडद्यावर दाखवतो. वाचायला सोपं, पण तिथेही जुनं सामान नडतं. जुन्या, खाऱ्याने खाल्लेल्या बॅटरी केबलमधून स्टार्टरच्या वेळी व्होल्टेज इतकं पडतं, की संगणक त्याचाच इशारा देतो. डिझेलमध्ये पाणी आल्याचा सेन्सरही या इंजिनांवर असतो. तो वाजला तर तो खराब आहे असं धरू नये. जुन्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं पाणी साचलेलं असतं आणि ते दाखवणारं आधीच्या इंजिनावर काही नव्हतं, एवढंच.

तेव्हा इंजिन बदलायला काढणाऱ्यांना तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. जुनं इंजिन उचलण्याआधी प्रत्येक वायरीला चिकटपट्टीची चिठ्ठी लावा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नव्या इंजिनावरच्या प्रत्येक स्विचचा नंबर, त्याचा दाबाचा किंवा तापमानाचा आकडा आणि गिअरचं गुणोत्तर पॅनेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहा. आणि मागच्या हंगामात कोणी बझरची वायर उपटून ठेवली असेल, तर या हंगामात जाळं पाण्यात टाकण्याआधी ती जोडून घ्या.